चूल न पेटवता गोडधोड

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यातली दिवाळीची पहाट तुम्हाला मी काय सांगावी! रात्रीचा नरकासुर जळून गेला, अभ्यंगस्नान आटोपलं, तुळशीपाशी पायाखाली कारीट फुटलं, की सगळ्यांचे डोळे फोवांकडे, म्हणजे पोह्यांकडे. दुधातले, ताकातले, बटाट्याचे, आणि माझ्या मते सगळ्यांत मानाचे म्हणजे रोसातले. नारळाचा रोस म्हणजे नारळाचं दूध, गूळ, वेलची, किंचित मीठ. गॅस पेटवायचं कामच नाही.

ते का जमतं? तर पोहे आपल्या हाती येतात तेच अर्धे शिजून. सालीसकट भात (साळ) भिजवतात, भाजतात आणि गरम असतानाच कांडून चपटा करतात. त्यामुळे घरी ते नुसते भिजले की पुरे. जाड किंवा लाल पोहे असतील तर धुवून, निथळून झाकून ठेवा. पातळ पोह्यांना फक्त पाण्याचा हबका, नाहीतर लगदा झालाच म्हणून समजा.

आता नारळ. न शिजवता करायच्या पदार्थात काही झाकता येत नाही. खवट खोबरं फोडणीत एखादवेळी खपून जाईल, रोसात पहिल्याच घोटाला कळतं. म्हणून नारळ फोडला की आधी पाणी चाखा. आंबूस लागलं तर तो नारळ सरळ बाजूला. खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका, रोस मळकट दिसतो. खवलेलं खोबरं अर्धी वाटी कोमट पाणी घालून मिक्सरला लावा आणि पातळ फडक्यातून पिळा. हा पहिला, दाट रोस. तो वेगळा ठेवा. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रोस काढा, त्यात गूळ विरघळवा आणि गाळून घ्या. हे गाळणं टाळू नका, गुळात बारीक कचकच असते. मग पोहे आधी दुसऱ्या रोसात, आणि वाढताना वरून पहिला.

एका नारळाला दोन वाट्या पोहे आणि पाऊण वाटी गूळ हे माझं माप. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाचा काळा गूळ मिळाला तर तोच घ्या. त्याला जरा धुरकट, खारट अंग असतं. मग मीठ घालू नका.

एक मात्र आहे, रोस थांबत नाही. आपल्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो. फ्रीजमध्ये ठेवलात तर खोबऱ्याचं तेल गोठून वर गुठळ्या येतात. लागेल तेवढाच काढावा, हेच बरं.

हाच रोस केळ्यांवर घाला. सालदाटी किंवा रसबाळी, चांगली पिकलेली, चकत्या करून. दुधातल्या शिकरणापेक्षा मला हे कितीतरी आवडतं. मयडे गावची मोठी केळी इथे नकोत, ती हलव्याचीच.

खजूर-काजूचे लाडू हल्ली घरोघरी वळतात. वळा खुशाल. पण ‘साखर नाही’ म्हणून मधुमेहाच्या माणसापुढे ताट भरून ठेवू नका, खजुरात आणि गुळातही साखरच असते. आमच्याकडे चतुर्थीला होतं ते पंचखाद्य मला त्याहून सोपं वाटतं. बाजारातलं भाजकं डाळं जाडसर कुटायचं, त्यात खोबरं, तीळ, वेलची आणि किसलेला गूळ. ओलं खोबरं घातलंत तर त्याच दिवशी संपवा. सुकं घातलंत तर डब्यात चार दिवस राहील, मुलांच्या हाती लागलं नाही तर. नमस्कार.