तीन आकडी उत्तर

[दृश्य: काळा पडदा, खालून वर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी]

या ओळी बघा. सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळाची पानं पुरवणाऱ्या संगणकाकडे, आलेली प्रत्येक मागणी इथे नोंदली जाते. आधी मागणाऱ्याचा पत्ता, मग वेळ, मग कोणतं पान हवं ते, आणि लगेच तीन आकडे: मागणीचं काय झालं, याचं सर्व्हरने दिलेलं उत्तर. २००. २००. ३०४. ४०४. पुन्हा २००.

[दृश्य: देवळाचा मंडप, रंगभूषा करणारे कलाकार]

गोव्यात जत्रा आली की देवळापुढे मराठी नाटक आलंच. कुठल्या गावात कुठलं नाटक, किती वाजता, हे सांगणारं संकेतस्थळ फोंड्यातल्या या छोट्या खोलीतून चालतं. रसिकांना मोबाइलवर पान दिसतं, आकडा दिसत नाही. ब्राउझर आणि शोधयंत्रं मात्र त्या आकड्यावरच विसंबून असतात.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते एचटीटीपी. १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत हे आकडे नव्हतेच. सर्व्हर नुसता मजकूर पाठवायचा. पान आणि चूक झाल्याची सूचना, दोन्ही सारखीच यायची. यंत्राला फरक कळायचा नाही. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज निघाला, त्यात हे कोड आहेत.

[दृश्य: पडद्यावर फिरणारं बोट]

पहिला आकडा आधी वाचायचा. दोन म्हणजे काम झालं. तीन असेल तर ब्राउझरला आणखी काही करायचंय: ३०१ म्हणतो पान कायमचं हललं, नवा पत्ता लिहून घ्या, ३०४ म्हणतो पान बदललेलं नाही, तुमच्याकडची प्रत वापरा. चार म्हणजे अडचण मागणीत, पाच म्हणजे सर्व्हरच्या बाजूला.

खरी गल्लत होते ती एकाच घरातल्या कोडांत. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०३ म्हणजे मागणी कळली, पण देणार नाही. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, पुढे सापडेल की नाही त्याबद्दल तो काही बोलत नाही. गेल्या वर्षीचं वेळापत्रक मुद्दाम काढलं असेल, तर ४१० हेच योग्य उत्तर.

[दृश्य: जत्रेची रात्र, गर्दी, हातातले मोबाइल, मग पुन्हा ओळी]

आता पाचाच्या ओळी येतात. ५०२ म्हणजे मागणी घेणाऱ्या पुढच्या सर्व्हरला त्याच्यामागे असलेल्या दुसऱ्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही. ५०४ म्हणजे त्या मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तरच आलं नाही. ५०३ म्हणजे सध्या भार पेलवत नाही. सोबत किती वेळाने यायचं तेही सांगता येतं.

[दृश्य: डावीकडे पान, उजवीकडे नोंद]

आणि हे पाहा. पानावर ठळक लिहिलंय, ‘नाटक सापडलं नाही’. शेजारच्या नोंदीत २००. माणसाला एक सांगितलं, यंत्राला दुसरंच. साचा तयार करणाऱ्याने सूचना सुंदर सजवली, कोड मात्र तसाच सोडला. असं सर्रास चालतं, आणि ते चालवून घेऊ नये. मेलेली पानं शोधात तरंगत राहतात, रसिक जुन्या तारखेला भलत्या गावी पोचतात.

[दृश्य: कळफलक, एक ओळ बदलताना]

दुरुस्ती एवढीच. पान पुन्हा उघडलं, नोंदीत ४०४ आला.

तुमचंही संकेतस्थळ असेल तर संगणकावर ते उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये जा आणि नसलेला एखादा पत्ता मागा. ‘स्टेटस’च्या रकान्यात २०० दिसला, तर आजच तो कोड बदलून घ्या.