मलनचा रस्ता

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातला हा इंटरस्टेट ९० महामार्ग. ट्रक जिथून वळतायत तो घाट म्हणजे फोर्थ ऑफ जुलै पास. ४ जुलै १८६१ला अमेरिकी लष्कराच्या एका तुकडीनं इथल्या पाइनच्या खोडावर तारीख कोरली. तुकडीचा प्रमुख होता लेफ्टनंट जॉन मलन.

मिसुरी नदीतून आगबोटी आजच्या मोंटानातल्या फोर्ट बेंटनपर्यंत यायच्या. तिथून पश्चिमेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वालापर्यंत ६२४ मैलांचा गाडीरस्ता काढायचा होता. इथल्या मूळनिवासी सेलिश जमातीच्या वाटाड्यांना घेऊन मलन १८५३-५४च्या हिवाळ्यात हे डोंगर फिरला होता. १८५९मध्ये काम सुरू झालं. जंगलात २५ फूट रुंदीच्या पट्ट्यातली झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, ओढ्यांवर लाकडी पूल टाकायचे. पहिली वाट कोर दलेन सरोवराच्या दक्षिणेनं गेली आणि पुराच्या पाण्याखाली आली. मग १८६१मध्ये उत्तरेनं नवी काढली. ती या घाटातून जाते.

टेकडीवरचं हे कटाल्डोचं चर्च. आयडाहोतली आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत. इथल्या मूळनिवासी कोर दलेन जमातीच्या लोकांनी आणि जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी ती आपल्या हातांनी बांधली. मलनचा रस्ता तिच्यासमोरून गेला.

त्याआधी, सप्टेंबर १८५८मध्ये, अमेरिकी लष्कराचा कर्नल जॉर्ज राइट इथे फौज घेऊन आला. मलनही त्या मोहिमेत होता. गोऱ्यांना आणि लष्कराला आपल्या मुलखातून बिनधोक जाऊ द्यायचं, हे कोर दलेन लोकांना इथे मान्य करावं लागलं. नकार देण्यासारखी स्थिती उरलीच नव्हती. आठवडाभर आधी काय घडलं, ते स्पोकॅन नदीकाठचा हा दगड सांगतो.

राइटच्या हाती इथल्या जमातींचे सुमारे ८०० घोडे लागले होते. सैनिकांनी आधी एकेक घोडा बाहेर ओढून त्याला गोळी घातली. शिंगरांची डोकी फोडली. यात फार वेळ जातोय म्हटल्यावर कुंपणातल्या उरलेल्या घोड्यांवर फैरी झाडल्या. दोन दिवस हे चाललं होतं. शिकार, व्यापार, कंदमुळांसाठीचा प्रवास, सगळं ज्यांच्या पाठीवर चालायचं ते हे घोडे. त्यांची हाडं पुढे कित्येक वर्षं या काठावर दिसत होती.

रस्ता झाला, वस्त्या आल्या, १८७३मध्ये कोर दलेन लोकांसाठी राखीव प्रदेश आखला गेला.

दरवर्षी १५ ऑगस्टला कोर दलेन कुटुंबं कटाल्डोच्या चर्चपाशी जमतात. टेकडी चढून येणारी ही माणसं त्यांच्यातलीच.