चित्र ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं?

चित्रावरून संगीत म्हटलं की पहिल्यांदा रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचं नाव निघतं. 1874 साली त्यानं दिवंगत मित्र व्हिक्टर हार्टमनच्या चित्रांवर पियानोसाठी एक मालिका रचली. तिच्यात बैलगाडीची जड चाल ऐकू येते, बाजारातला कलकलाट ऐकू येतो. पण ज्या चित्रात गाडी नाही, बाजार नाही, नुसता रंग आहे, त्यातून संगीतकारानं काय घ्यायचं? माझं म्हणणं असं, की त्यानं चित्रकाराला पडलेला प्रश्न घ्यावा आणि तो सुरांत सोडवून पाहावा.

चित्रकार पाउल क्ले स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवायचा, त्यामुळे संगीतकारांचा त्याच्याकडे ओढा असणं साहजिकच. ब्रिटिश संगीतकार हॅरिसन बर्टविसलनं 1977 मध्ये त्याला वाहिलेल्या एका रचनेत सहा यंत्रवत आकृतिबंध घेतले आणि ते जोडकामाशिवाय एकमेकांशेजारी ठेवले. आवाजाचा चढउतार त्या आकृतिबंधांशी बांधलेला नाही, तो आपल्या स्वतंत्र हिशोबानं चालतो. ‘कार्मेन आर्केडिए मेकॅनिके पर्पेट्युअम’ हे शीर्षकही असं निवडलं, की ते क्लेलाच सुचलं असतं. ही रचना ऐकताना मला क्लेचं, हँडल फिरवायच्या तारेवर बसलेल्या पक्ष्यांचं चित्र आठवतं. तरी तिच्यात पक्ष्यांचा आवाज शोधायला जाऊ नये.

पण माझा खरा जीव मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकारावर आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याची ऊठबस चित्रकारांतच असे. चित्रकार मार्क रॉथ्को 1970 च्या फेब्रुवारीत गेला. ह्यूस्टनच्या अष्टकोनी प्रार्थनागृहासाठी त्यानं केलेली चौदा चित्रं तिथं लागली, आणि त्या जागेसाठी फेल्डमननं 1971 मध्ये रचना केली: व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं तंतुवाद्य), सेलेस्टा (घंटीसारखा नाजूक आवाज देणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य), तालवाद्यं आणि शब्दांविना गाणारे आवाज.  फेल्डमनचं निरीक्षण असं, की रॉथ्कोचा रंग कॅनव्हासच्या थेट कडेपर्यंत जातो. मग संगीतही दुरून ऐकायचं न राहता अख्ख्या खोलीत भरून राहावं, असं त्यानं ठरवलं. म्हणून इथं सूर मंद आहेत, सावकाश आहेत, आणि पुढं कुठं पोचायची घाई नाही. शेवटाकडे मात्र व्हायोला एकदम एक साधी, ज्यू वळणाची धून वाजवते. ती फेल्डमननं पोरवयात रचलेली. इतका वेळ जपलेला संयम तो इथं मोडतो, आणि मला ते फार आवडतं.

चित्रकार फिलिप गस्टनची गोष्ट जरा कडू आहे. तो आणि फेल्डमन जिवलग होते. गस्टननं अमूर्त चित्रं सोडून 1970 मध्ये बूट, टोप्या, व्यंगचित्रांसारखे आकार मांडले, तेव्हा फेल्डमनला ते रुचलं नाही आणि मैत्री तुटली. गस्टन 1980 मध्ये वारला. 1984 मध्ये फेल्डमननं बासरी, तालवाद्यं आणि पियानो-सेलेस्टासाठी त्याच्या नावानं रचना लिहिली. वादक तिघंच, पण वाजते सुमारे साडेचार तास! एवढ्या लांबीत सुरुवात आठवत नाही, शेवटाचा अंदाज येत नाही. भल्यामोठ्या चित्राला नाक लावून उभं राहिलं तर जसं फक्त समोरचं हातभर दिसतं, तसं ऐकणाऱ्याचं होतं. गस्टनचे ते बूट मात्र या साडेचार तासांत कुठंच नाहीत.