अंगणात शिकलेले शिक्षण

आज समोर अंगणवाडी सेविका आहेत, पर्यवेक्षिका आहेत आणि जिल्हा परिषद शाळांचे काही मुख्याध्यापकही आहेत, म्हणून बोलण्याची सुरुवात डहाणूजवळच्या बोर्डी गावापासून करतो. 1945 साली ताराबाई मोडकांनी तिथे काम सुरू केले, तेव्हा भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेपासूनचा जवळजवळ दोन तपांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि साधनांशी खेळत मुलांनी स्वतः शिकण्याच्या मॉन्टेसरी पद्धतीच्या जाणकार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर कुणी गुरांमागे गेलेले असे. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तिथे आधी मुलांना आंघोळ घालावी लागे, नखे कापावी लागत, आणि विकतच्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने अशा आसपासच्या वस्तू आल्या. पुढे जवळच्या कोसबादला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

शिक्षकाचे नेतृत्व म्हणतात ते मला इथे दिसते. ज्या पद्धतीवर आपले नाव झाले, तीच इथे चालत नाही हे सहकाऱ्यांच्या देखत कबूल करायचे आणि त्यांच्याबरोबर पुन्हा शिकायला बसायचे, याला अधिकारपदापेक्षा वेगळे बळ लागते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी, अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास पुढच्या उपचारांसाठी पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आणण्याची कल्पना उत्तम होती. मात्र सेवांचे रकाने झाले, की मूलही रकान्यांत वाटले जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास मोजता येतात, प्रमाणपत्र छापता येते (माझ्याकडेही एक फाइल भरून आहेत), पण त्या तासांत आपल्या वर्गातल्या एका तरी मुलाचा विषय निघाला का, हे प्रमाणपत्रावर कुठेच लिहिलेले नसते.

एका बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, मासिक बैठकीला मी बसलो होतो. एरवी तिथे रजिस्टरे तपासली जातात. त्या दिवशी पर्यवेक्षिकाबाईंनी ती अर्धा तास मिटून ठेवायला सांगितली आणि प्रत्येकीने एकाच मुलाविषयी बोलावे असे सुचवले. एक ताई वीटभट्टीवरच्या चार वर्षांच्या मुलाबद्दल बोलल्या. वजन ठीक, दंडघेर ठीक, लसी पूर्ण, पण तोंडातून शब्द नाही. "खेळताना तो कुणाजवळ बसतो?" असे दुसऱ्या सेविकेने विचारले, तेव्हा ताई गप्प झाल्या, कारण ते त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांची चूक काढायला कुणी पुढे सरसावले नाही, याचे श्रेय मी पर्यवेक्षिकाबाईंना देतो.

पुढच्या महिन्यात उत्तर आले. अंगणवाडीतली मदतनीस तांदूळ निवडायला बसली, की तो तिच्या मांडीला टेकून चिंचोके मोजत असे आणि तिच्याशी अखंड बोलत असे, पण कातकरीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या बोलीत. वर्गातली गाणीगोष्टी मराठीत चालत आणि तिथे तो मुका होता. म्हणजे भाषा होती, गणित होते, बोलावेसे वाटेल असे माणूसही होते. फक्त ते सगळे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात होते आणि आमची नजर सतरंजीवर होती.

तिसऱ्या बैठकीला त्या मदतनीसताईंना मुद्दाम बोलावले. बैठकीला येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्या दाराशीच टेकल्या, तेव्हा पर्यवेक्षिकाबाईंनी त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. मदतनीसताईंनी सगळ्यांकडून आधी एक कातकरी गाणे म्हणून घेतले, आणि आमचे उच्चार ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.