बंद पडलेली मोटर टेबलावरच राहू द्या

नमस्कार श्रोतेहो.

शिक्षकांच्या विज्ञान कार्यशाळेत बहुधा दिवसभरात पंधरा-वीस प्रयोग उरकले जातात. साधनव्यक्ती पुढे उभी राहून करून दाखवते, शिक्षक मोबाइलवर टिपून घेतात, टाळ्या पडतात. पुढच्या आठवड्यात शाळेत त्यातला एकही प्रयोग चालत नाही, कारण तो नेमका कुठे अडतो हे कार्यशाळेत कुणाला दिसलेलंच नसतं. म्हणून अर्ध्या दिवसात दोनच प्रयोग घ्यावेत, ते प्रत्येक शिक्षकाच्या हातून व्हावेत, आणि बिघडले की साधनव्यक्तीने पुढे होऊन दुरुस्त करू नयेत.

पहिला प्रयोग साध्या मोटरचा. प्रत्येकाला टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, स्पीकरमधला एक गोल चुंबक, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी आणि सव्वा मीटर तांब्याची वाइंडिंगची तार लागते. तार जाडीने चोवीस गेजच्या आसपासची घ्यावी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. बाकीचं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि भंगारवाल्याकडे जमतं. तयार किट मात्र विकत घेऊ नये. त्यातला एक भाग हरवला की अख्खा डबा कपाटात जातो.

तार सेलभोवती दहा वेढे गुंडाळा, दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर टोकं सोडा आणि ती टोकं वेढ्यांवर दोनदा आवळून समोरासमोर सरळ बाहेर काढा. पिना ट्यूबच्या पट्टीने सेलच्या दोन्ही तोंडांशी घट्ट बसवा, भोकं वर ठेवा. चुंबक सेलच्या पत्र्यावर मधोमध आपोआप चिकटतो. भोकांतून टोकं घातली की वेटोळं चुंबकाच्या वर दोन-तीन मिलिमीटरवर फिरलं पाहिजे.

खरी मेख तार खरवडण्यात आहे. तारेवरचा लाखेसारखा थर वीज अडवतो. एक टोक पॉलिश पेपरने चहूबाजूंनी साफ करायचं. दुसरं टोक मात्र वेटोळं उभं धरून, टेबलाच्या कडेवर ठेवून फक्त वरच्या अंगाने खरवडायचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली, तर प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो आणि वेटोळं डोलून थांबतं. अर्धं टोक झाकलेलं असलं की उलट्या जोराच्या वेळी वीज तुटते आणि वेटोळं मिळालेल्या वेगाने पुढे सरकतं. हे आधी सांगून टाकू नये. तीस जणांत सात-आठ मोटरी हमखास डोलतील. त्या आणि चालणाऱ्या शेजारी-शेजारी ठेवून फरक शोधायला लावावा. एरवीचे बिघाड किरकोळ असतात: वेढे एका बाजूला जड, टोकं एका रेषेत नाहीत, पिनांना गंज. गोव्यात एका पावसाळ्यात पिना गंजतात, तेव्हा त्याही घासून घ्याव्यात. वेटोळं थांबलेलं असताना जोडणी वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. तारेचा रोध अगदी कमी असल्यामुळे सेल तापतो आणि लवकर उतरतो.

दुसरा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, आणि तीच त्याची अडचण. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं, आणि शिक्षक म्हणतात, प्राणवायू संपला, हवेचा पाचवा भाग होता तेवढं पाणी आत आलं. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे, पण तसं तोंडाने सांगून कुणाचं मत बदलत नाही. शिक्षकांना तीन वेळा प्रयोग करू द्या: एका मेणबत्तीने, दोनांनी, तिनांनी. ग्लासऐवजी बरणी, तिन्ही वेळा तीच, मेणबत्त्या सारख्या उंचीच्या, खोल ताटलीत दीड सेंटिमीटर रंगीत पाणी, आणि बरणीच्या कडेखाली दोन नाणी, म्हणजे पाण्याला आत यायला वाट राहते. पंखा बंद. प्रत्येक वेळी पाण्याची उंची पट्टीने मोजायची.

मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त चढतं. बरणीतला प्राणवायू काही वाढलेला नसतो, मग जास्तीचं पाणी कशाने? बारकाईने पाहणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी दिसतात: बरणी ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर जातात, आणि पाणी मुख्यत: ज्योत विझल्यावर झपाट्याने चढतं. म्हणजे गरम होऊन फुगलेली हवा आधी बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकसली, वाफेचंही पाणी झालं. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच प्राणवायू शिल्लक असतो. या एका प्रयोगाला दीड तास द्यावा. पाणी फारच कमी चढत असेल, तर बरणी ठेवायला उशीर झालाय की ताटलीतलं पाणी अपुरं पडून बाहेरची हवा आत शिरतेय, एवढं तपासायला सांगावं.

प्रयोगांचा हंगामही पाहावा लागतो. केसांवर घासलेल्या फुग्याने कागदाचे कपटे उचलणं जुलैत आपल्याकडे जमत नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि विद्युतभार त्यातून निसटून जातो. तो धडा जानेवारीत, तोही दुपारी घ्यावा. पावसाळ्यात जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात काढून त्यांचा अर्क वापरावा: लिंबाच्या रसाने गुलाबी-लाल, चुन्याच्या निवळीने हिरवा. सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, पाण्यात मुळातच आंबटपणा भरपूर, त्यामुळे लिंबू पिळून रंगात फारसं काही दिसत नाही आणि मुलं हिरमुसतात.

उन्हाळ्याकडे झुकताना सावलीचा प्रयोग. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. पणजीचं अक्षांश साडेपंधराच्या जवळ, त्यामुळे २१ मार्चच्या सुमारास भर मध्यान्ही सावली सुमारे २८ सेंटिमीटर पडते, २२ डिसेंबरला सुमारे ८१. आपली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३.८च्या आसपास, म्हणून इथे सूर्य सरासरी बारा पस्तीसला डोक्याशी येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला जवळपास बारा पन्नासला. बारापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि सर्वात आखूड सावली शोधा. टोक पुसट दिसतं, म्हणून पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सावली नाहीशी होते, पण तेव्हा बहुतेक शाळा सुट्टीवर. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा होते, पण तेव्हा ढग. म्हणून मार्चचाच दिवस धरावा.

पणजीतल्या मिरामारचं विज्ञान केंद्र मुलांना जरूर दाखवावं, पण तिथली यंत्रं पाहणं हा वर्गातल्या प्रयोगाचा पर्याय नव्हे.

शेवटची गोष्ट आयोजकांसाठी. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत जो विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षकांच्या मासिक बैठकांना प्रशिक्षणाइतकंच महत्त्व होतं. गोव्यात सत्तरी, पेडणे, फोंडा अशा तालुक्यांत केंद्रशाळेत महिन्यातून एक दुपार तेवढ्यासाठी राखता येईल. त्या दुपारी नवा प्रयोग नको. ज्याच्या वर्गात जे चाललं नाही ते त्याने सामानासकट आणावं: डोलणारी मोटर, न चढलेलं पाणी, हललेली काठी. घरी जाताना सेल मोटरमधून काढून वेगळे ठेवावेत, ते गळतात, आणि पिना घट्ट झाकणाच्या डब्यात.