ऑईल बदललं आणि सकाळी गाडी वाजायला लागली

(सोलापुरात ट्रकमालक आणि ड्रायव्हर मंडळींसमोर झालेलं व्याख्यान, बोललं तसंच, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात ते पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि ड्रायव्हर लोकांनी तर पुढंच बसायचं, कारण आजचं बोलणं मालकांपेक्षा तुमच्या जास्त कामाचं आहे. विषय सगळ्यांच्या ओळखीचा. संध्याकाळी ऑईल बदललं, फिल्टर बदललं, सगळं व्यवस्थित, आणि सकाळी सेल्फ मारला की इंजिन टक टक टक टक. काल नव्हतं, आज कुठनं आलं? यातले तीन प्रकार मला सांगायचेत. पहिल्याच स्टार्टचा आवाज, रोज सकाळचा आवाज, आणि जातच नाही असा आवाज. तिन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. पण ओळखायला एकच गोष्ट लागते, घड्याळ. आवाज किती सेकंद टिकला? हे मी कित्येक वर्षं सांगत आलोय आणि अजूनही गाडी घेऊन येणारा माणूस म्हणतो, "मिस्त्री, लई वाजतंय ओ." लई म्हणजे किती? तीन सेकंद लई, का तीन मिनिटं लई? त्या दोन्हींत हजारो रुपयांचा फरक आहे.

ऑईल तळाच्या चेंबरमधनं पंप उचलतो, फिल्टरमधनं ढकलतो, तिथनं मेन गॅलरीत, म्हणजे ऑईलच्या मुख्य वाटेत, बेअरिंगला, टर्बोला, आणि सगळ्यात शेवटी वर रॉकर-टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागांना. म्हणजे टॅपेटची जागा रांगेत शेवटची. म्हणून ऑईल यायला उशीर झाला की पहिली तक्रार वरनं येते. आपल्या बहुतेक ट्रकांना हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑईलच्या दाबानं आपोआप गॅप भरून काढणारे, नसतातच, स्क्रूनं गॅप लावायची सिस्टिम असते, त्यामुळं गॅप आहे म्हणजे थोडा आवाज आहेच, ऑईलची फिल्म आली की तो मवाळ होतो एवढंच. आणि ज्याला आपण डिझेलचं नॉकिंग म्हणतो, थंड इंजिनात डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो आणि मग एकदम पेटतं, ती कडकड वेगळी. तिचा ऑईलशी संबंध नाही. इंजिन तापत गेलं की ती आपोआप कमी होते. ही दोन एकत्र करून निम्मे लोक घाबरतात.

आता सोलापूरची हवा. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस, चव्वेचाळीसला जातो, म्हणून आपला समज असा की थंडीचा त्रास हिमाचलवाल्यांना, आपल्याला कशाला. पण डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत, पहाटे पाचला पुणे नाक्याला गाडी स्टार्ट करून बघा. साधं 15डब्ल्यू-40 ग्रेडचं ऑईल घ्या, 100 अंशाला त्याचा जाडपणा साधारण 14-15 सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं माप) असतो, 40 अंशाला तोच 110 च्या आसपास, सात-आठ पट. आणि पहाटे इंजिन 40 अंशाला नसतं, 15-16 अंशाला असतं, तिथं तो आणखी कितीतरी वाढतो. मे महिन्यातल्या पहाटेपेक्षा डिसेंबरच्या पहाटे तेच ऑईल जवळपास दुप्पट जाड असतं. म्हणजे गाडी तीच, डबा तोच, आणि वर पोचायला लागणारा वेळ वेगळा. उन्हाळ्यात ऑईल बदललं तेव्हा आवाज नव्हता आणि हिवाळ्यात बदललं तर आला, यात डुप्लिकेट ऑईलचा संशय घ्यायच्या आधी कॅलेंडर बघावं.

एक प्रसंग सांगतो, कारण त्याचा मला अजून राग आहे. माझ्या ओळखीचे एक मालक, नाव घेत नाही, चिंचोळी एमआयडीसीतनं टॉवेल-चादरीचा माल भरून भिवंडीला जाणारी त्यांची दहा चाकी. ऑईल बदललं एका गॅरेजला, त्यांचंही नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टक टक. तिसऱ्या दिवशी टक टक. गाडी परत नेली. गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही, ड्रायव्हरकडं बघून म्हणाला, "ह्यानं थंड गाडीला रेस दिली असणार, बेअरिंग खाल्लंय." झालं. मालकाचं डोकं फिरलं. तो ड्रायव्हर त्यांच्याकडं कित्येक वर्षं, गाडीला पोरासारखं जपणारा, त्याचा पगार कापला.

मग सुरू झाला इलाज. आधी जाड ऑईल टाकलं, 20डब्ल्यू-50. का, तर वाजतंय म्हणजे ऑईल पातळ पडतंय. आता विचार करा, सकाळी ऑईल वर पोचायला उशीर होतोय म्हणून आवाज, आणि इलाज काय, तर आणखी सावकाश पोचणारं ऑईल! आवाज वाढला. जास्त वेळ टिकायलाही लागला. मग कसलीशी बाटली ओतली, ॲडिटिव्ह. मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडलं, टॅपेट सेट केले, गॅसकेट सेट नवीन, मजुरी वेगळी, आणि गाडी उभी दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा चादरीला सगळ्यात जास्त भाडं असतं. एवढं करून सकाळी पुन्हा टक टक. तेव्हा मालक माझ्याकडं आले, आणि पहिलं वाक्य काय, "इंजिनच बदलायचं म्हणतायत."

मी पाना हातात घेतलाच नाही. ड्रायव्हरला म्हणलं, मोबाईल काढ. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट करताना व्हिडिओ घे, किल्ली फिरवायच्या आधीपासून, आणि ऑईल गेज दिसू दे. नंतर गाडी फिरवून आण, बंद कर, तासाभरानं परत स्टार्ट करून परत व्हिडिओ. दोन्ही शेजारी शेजारी बघितले. सकाळी काटा उठायला वेळ घेतोय आणि तोपर्यंत टक टक, काटा उठला की आवाज गायब. तासाभरानं स्टार्ट केलं तर काटा लगेच वर, आवाज नाही. बेअरिंग गेलेलं असतं तर गरम ऑईल पातळ झाल्यावर ते जास्त वाजलं असतं, कमी नाही. म्हणजे दुखणं इंजिनात नव्हतंच. रात्रीत ऑईल कुठंतरी परत खाली उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट न करता फिल्टर खोललं. त्या गाडीत फिल्टर आडवं बसतं. जवळजवळ रिकामं. ते कापून मी आज घेऊन आलोय, इकडं बघा, पुढच्यांनी हातात घ्या आणि मागं पाठवा. तोंडाच्या आत ही काळी रबरी चकती दिसतेय ना, हिचं काम एवढंच की इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑईल उलटं पंपाकडं जाऊ द्यायचं नाही. नखानं दाबा. कडक, पापडासारखी, दाबली की परत बसत नाही, आणि कडेला ही फट. आता ही दुसरी, चांगल्या फिल्टरमधली लाल सिलिकॉनची, दाबा, लगेच जागेवर येते. साधं रबर गरमीनं कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. तोंड वर असलेल्या फिल्टरला ही चकती बाद झाली तरी ऑईल डब्यातच राहतं, पण आडव्या किंवा उलट्या फिल्टरचं सगळं हिच्यावर. मालकांच्या गाडीला योग्य नंबरचं फिल्टर लावलं, मॅन्युअलमधलं ऑईल टाकलं. पहिल्या स्टार्टला थोडं वाजलं, ते वाजणारच होतं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

फिल्टरची किंमत आणि हेड उघडायचा खर्च, हिशोब तुम्हीच करा. माझा राग पैशापेक्षा त्या ड्रायव्हरसाठी आहे. कापलेला पगार मालकांनी दिला, मी मागं लागल्यावर दिला. पण चार लोकांत "ह्यानं इंजिन खाल्लं" म्हणलेलं, ते कोण परत घेणार? म्हणून सांगतो ड्रायव्हर मंडळींनो, तो व्हिडिओ काढून ठेवत जा. ऑईल बदलायच्या आदल्या सकाळी एक आणि नंतरच्या सकाळी एक. तुमच्यावर आळ आला तर तोंडानं भांडायची गरज नाही.

अजून एक, ऊसवाले कोणी आहेत का? आहेत की. कारखान्याच्या यार्डात रांगेत गाडी चालू-बंद, चालू-बंद, रात्रभर इंजिन सुरू ठेवून बसतात. किलोमीटर वाढत नाहीत पण ऑईल म्हातारं होतंय, काजळी साठतेय. काजळीनं ऑईल जाड होतं, ते काढून ताजं टाकलं की एकदम पातळ, आणि जुन्या टॅपेटचा आवाज जो दबला होता तो ऐकू यायला लागतो. तो ऑईलनं आणलेला नाही, आधीपासनंच होता. सीझनला ऑईल बदलायचा हिशोब इंजिन चाललेल्या तासांवर ठेवा, किलोमीटरवर नको. आणि काढलेलं जळकं ऑईल कोणालाही देऊ नका. ते परत डब्यात भरून आपल्यालाच विकलं जातं. नव्या ऑईलचा डबा रिकामा झाला की त्याला खिळा मारून भोक पाडायचं, मगच टाकायचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतायत. बरं, तीन प्रकार राहिलेच, पटापट सांगतो.

पहिला, ऑईल बदलल्यावरच्या पहिल्याच स्टार्टचा. फिल्टर रिकामं, गॅलरी रिकामी, काही सेकंद वाजणार, घाबरायचं नाही. पण त्या काही सेकंदांत रेस द्यायची नाही, अजिबात नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑईलवर तरंगतो, ऑईल नसताना रेस दिली तर आवाज जाईल पण टर्बो पण जाईल. फिल्टर उभं बसत असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर भरून लावा, बाहेरच्या बारीक भोकांतनं भरा, मधल्या मोठ्या भोकातनं नको, ती गाळून झालेल्या ऑईलची बाजू आहे. डिझेलचा जुना मेकॅनिकल पंप असलेल्या गाडीत स्टॉपर ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, सेल्फ मारा, काटा हलला की मग स्टार्ट. दहा-पंधरा सेकंदांत काटा हललाच नाही तर इंजिन बंद, विचारपूस नंतर.

दुसरा, रोज सकाळी वाजतं आणि काही सेकंदांत जातं. रात्रभर आणि तासाभराचा व्हिडिओ, आत्ता सांगितला तसा. आधी फिल्टर बघा, फिल्टर चांगलं निघालं तर पंपाच्या सक्शन पाईपची रिंग, तिथनं हवा ओढत असेल. हेड सगळ्यात शेवटी.

तिसरा, गरम झालं तरी जात नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून ऑईल मोजायची पट्टी बघा. कमी असेल तर कळेलच, पण जास्त भरलेलं पण वाजतं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ऑईलमध्ये बुडून घुसळतो, फेस होतो, आणि फेसावर बेअरिंग तरंगत नाही. लेव्हल बरोबर, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला सीके-4 दर्जाचं किंवा कंपनीनं सांगितलेलं, आणि तरी गरम इंजिन वाजतंय, प्रेशर पण कमी, तर मग खरंच उघडायची वेळ आली, तेव्हा गाडी चालवत आणू नका, ओढून आणा.

उठू नका, एक राहिलं. जुनं फिल्टर काढलं की त्याचं रबरी गॅसकेट फिल्टरबरोबर आलं का ते बोट फिरवून बघा. कधी कधी ते इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्याच्यावर नवीन बसवलं की दोन गॅसकेट होतात, स्टार्टला काही कळत नाही, आणि पुढचं मोहोळ गाव यायच्या आत सगळं ऑईल रस्त्यावर. ते कापलेलं फिल्टर कोणाकडं पोचलंय? असू दे, बघून घ्या आणि टेबलावर ठेवून जा. पुढचं व्याख्यान टायरवर आहे, त्यांना जागा करून देतो.