इवाकुनीची थरांची सुशी

नमस्कार श्रोतेहो.

सुशी म्हटलं की हॉटेलातल्या त्या छोट्या गुंडाळ्या डोळ्यांसमोर येतात, आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "कच्चा मासा असतो ना त्यात?" आज जी सुशी सांगणार आहे ती गुंडाळायची नसते, कच्च्या माशावाचून तिचं काही अडत नाही, आणि एकट्यापुरती करण्यात तिची मजाच नाही. सुशीचा जीव माशात नाही, व्हिनेगर लावलेल्या आंबटगोड भातात आहे.

जपानच्या यामागुची प्रांतात इवाकुनी नावाचं शहर आहे. १६७३ साली तिथे पहिल्यांदा बांधलेला पाच कमानींचा लाकडी पूल प्रसिद्ध आहे. घरात कार्य असलं, सण असला, की तिथे इवाकुनी-झुशी होते. लाकडी पेटीत भात, त्यावर सजावट, त्यावर पान, पुन्हा भात, असे थरांवर थर. मग झाकण ठेवून दाबायचं. पेटी मोठी असली तर माणूस चक्क झाकणावर उभा राहतो! तिला 'तोनोसामा-झुशी', म्हणजे राजेसाहेबांची सुशी, असंही म्हणतात. किक्कावा घराण्याच्या डोंगरी किल्ल्यावर नेण्याजोगी, टिकणारी शिदोरी म्हणून ती सुरू झाली, असं तिथले लोक सांगतात.

मला ही सुशी जवळची वाटली ती तिच्या सामानामुळे. थरांमध्ये घालतात ते बाशोचं पान, हे झाड आपल्या केळीच्याच कुळातलं. सावारा नावाचा मासा वापरतात, तो आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद. आणि कमळकाकडी तर हवीच. आपल्याकडे ती सिंधी वस्तीच्या बाजारात मिळते.

आता कृती. तीन वाट्या तांदूळ घ्या. जपानी मिळाला तर उत्तम, मी आंबेमोहोर घेते. धुवून, अर्धा तास भिजवून, मोकळा न करता जरा चिकटच शिजवा. अर्ध्या वाटी व्हिनेगरमध्ये दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ विरघळवा. भात परातीत काढून गरम असतानाच हे त्यावर शिंपडा. कालवू नका, उलथन्याने कापल्यासारखा खालीवर करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पंख्याने वारा घालायला बसवा. शितांवर चमक येते, ती बघत राहावीशी वाटते.

सुरमई वाफवून, काटे काढून, कुस्करून तिला थोडं व्हिनेगर लावा. बाजारचा मासा कच्चा मुळीच वापरू नका. कमळकाकडीच्या पातळ चकत्या तीन-चार मिनिटं उकळून व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात टाका, पांढऱ्याशुभ्र राहतात. अंड्याची कागदासारखी पातळ पोळी करून तिच्या केसासारख्या पट्ट्या कापा. हिरव्यासाठी तिथे शेवंतीच्या कुळातली एक पालेभाजी असते, आपण कोवळा पालक उकळून, घट्ट पिळून घेऊ.

चौकोनी डब्याला आतून पाण्याचा हात लावा. केळीचं पान पानगीला शेकतो तसं शेकून डब्याच्या मापाने कापा. पान, भात, मासा, पालक, कमळकाकडी, वर अंडं, की पुन्हा पान. असे तीन थर पुरेत. भात मात्र कोमट झाल्यावरच भरा. पहिल्या वेळी मी घाईने गरम भरला. पान काळवंडलं, अंड्याला पाणी सुटलं, आणि सगळा डबा वाया गेला.

वरच्या पानावर डब्यात बसेल अशी पाटी आणि तिच्यावर वरवंटा ठेवा. तासभर हात लावू नका. फ्रिजमध्येही ठेवू नका, भात कडक होतो. आणि केलेली त्याच दिवशी संपवा.

पाहुणे बसले की डबा मध्ये आणा. सुरी ओली करून वरचा थर चौकोनी वड्यांसारखा कापा, वाढा, मग खालचं पान उचला. पिवळं अंडं, त्याखाली डोकावणारी भोकाभोकांची कमळकाकडी, आणि वाढलेली वडी उलटी करून पाहिलीत तर भातावर पानाच्या शिरांच्या रेघा उमटलेल्या. आमच्याकडे ते मधलं पान कुणी उचलायचं यावरून मुलांची दरवेळी झटापट होते, म्हणून आता मी एक थर वाढवते.